जात्याची घरघर काढून टाकलेली ओवी : स्त्रिया, ध्वनी आणि रेडिओची यंत्रे

वर्धाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात राहते. आमच्या बचत गटातल्या नऊ जणी गेली दोन वर्षे आवाजाचे कार्यक्रम तयार करतो. आमच्याकडे परवाना नाही आणि मनोराही नाही. दर पंधरवड्याला तासाभराचा कार्यक्रम मेमरी कार्डावर भरतो, समाजमंदिरात स्पीकरवर लावतो, आणि ज्यांना हवा असेल त्यांच्या मोबाइलवर टाकून देतो. उद्या परवाना मिळाला तर हाच कार्यक्रम हवेतून जाईल, एवढीच तयारी आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका शहरातल्या स्टुडिओची दोन माणसे जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला आमच्या गावात आली होती. मी त्या दिवशी बँकेच्या कामासाठी तालुक्याला गेले होते, त्यामुळे हे ऐकीव सांगते आहे. आमच्या गटातली सत्तरी ओलांडलेली आजी आणि तिची सून समोरासमोर जात्याला बसल्या. सुनेच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. त्या माइकमध्ये वाजतात म्हणून काढून ठेवायला सांगण्यात आले. तिने काढल्या नाहीत, पदराचे टोक मनगटाभोवती गुंडाळून घेतले आणि वेळ निभावून नेली.

महिनाभराने त्यांच्याकडून 'साफ' केलेली फाइल आली. तिच्यात जाते नाही. आजीचा आवाज आहे, शब्द स्पष्ट आहेत. पण मागे पोकळ शांतता आणि ओळीच्या शेवटी आवाज पाण्याखाली गेल्यासारखा होतो. आजीने ती मोबाइलवर ऐकली आणि विचारले, "हे कोन गाऊन रायलं? अन् मंधातच दम काहून घेते?" दम ती जात्याच्या फेऱ्याला घेत होती. फेराच काढून टाकल्यावर तो दम चुकल्यासारखा ऐकू येणारच.

आम्ही फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की जात्याचा आवाज हा 'नॉइज' आहे आणि तो काढणे ही स्टुडिओतली साधी रीत आहे. सांगणारा माणूस सौजन्याने बोलला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण तेव्हापासून मला एक प्रश्न सतावतो आहे. रेडिओवर आणि ध्वनिमुद्रिकांवर बायकांचे आवाज भरपूर आहेत. गाणाऱ्या आहेत, निवेदिका आहेत. परंतु कोणता आवाज आवाज म्हणायचा आणि कोणता कचरा म्हणून टाकायचा, हे ठरवणाऱ्या बटणावर आपले बोट किती वेळा होते? ज्यांनी ही यंत्रे स्वतः हाताळली, ध्वनीलाच कलेचे साहित्य मानले, अशा स्त्रियांविषयी इथल्या जाणकारांनी लिहावे. आणि जाते नीट मुद्रित कसे करायचे, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

मास्तर_भौतिकचे

ताई, आधी तांत्रिक भाग सांगतो, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

'नॉइज रिडक्शन' म्हणजे जादू नव्हे. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती सोय असते. ज्या तुकड्यात फक्त नको असलेला आवाज आहे, असा एक नमुना आपण निवडून दाखवतो. सॉफ्टवेअर त्या नमुन्याचे निरनिराळ्या कंप्रतांमध्ये (फ्रिक्वेन्सींमध्ये) पृथक्करण करते, आणि मग संपूर्ण फाइलमध्ये त्या त्या कंप्रतेचा जो अंश ठरावीक पातळीच्या खाली असेल तो दाबत जाते. पंख्याची गुणगुण किंवा टेपची सळसळ यांसारख्या एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला हा उपाय चांगला लागू पडतो. जाते मात्र एकसारखे वाजत नाही. प्रत्येक फेऱ्यात खुंटा दूर जाताना आणि जवळ येताना ते वेगळे वाजते, आणि दाणे भरडले जाण्याची करकर खालपासून वरपर्यंत बऱ्याच कंप्रतांमध्ये पसरलेली असते. आजींच्या 'स', 'श'सारख्या व्यंजनांची जागाही तिथेच असल्यामुळे सॉफ्टवेअरला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. जाते पुसताना ते गाण्याचाही लचका तोडते, आणि तुम्ही म्हणता तो 'पाण्याखालचा' आवाज म्हणजे त्या लचक्याची खूण.

दुसरी गोष्ट अशी की, यंत्रे कोणत्या आवाजाला सोयीची म्हणून घडली हेही पाहण्यासारखे आहे. जुनी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेत असे. आपल्याकडच्या मध्यम लहरींच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवलेले असते, म्हणजे आवाजाला जेमतेम त्याच्या निम्मी जागा उरते. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. स्त्रियांच्या उच्चारातली ऊष्म व्यंजने ('स', 'श' यांसारखी) पुरुषांच्या मानाने वरच्या कंप्रतांमध्ये असतात, त्यामुळे अरुंद पट्ट्यात त्यांचा आवाज जास्त कापला जातो आणि मग ऐकणारा म्हणतो, "बाईचा आवाज चिरका आहे." चिरका आवाज नसतो, पट्टा अरुंद असतो. शिवाय दिशादर्शी (मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या) माइकजवळ तोंड नेले की खालचे सूर फुगतात, ज्याचा फायदा खर्जातल्या आवाजाला 'भारदस्त' वाटण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला.

आता जात्याबद्दल. दोन माइक वापरा. एक आजींच्या छातीच्या उंचीवर, तोंडापासून वीतभर बाजूला. दुसरा जात्याच्या पाळीपासून दीड-दोन फुटांवर. दोन्हींचे मुद्रण स्वतंत्र ठेवा, म्हणजे कोणाला किती पुढे आणायचे हे नंतर तुम्हालाच ठरवता येईल. माइकचा स्टँड थेट जमिनीवर ठेवू नका, जात्याचा धक्का जमिनीतून चढतो. खाली चार घड्या घातलेली गोधडी ठेवा. पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. आणि बांगड्या राहू द्या. त्या प्रत्येक फेऱ्याला एका ठरावीक जागी वाजतात, म्हणजे तुम्हाला आयता ताल मिळतो.

तुरकाठी

धागा वाचला. ताईंचा राग समजतो, पण थोडे वेगळे बोलतो, राग मानू नये. मी शेतकरी आहे. आमच्या भागात सोयाबीनच्या शेंगा पावसात भिजल्या तर काय करायचे, कापूस कोणत्या बाजारात न्यायचा, बोंडअळीची फवारणी केव्हा करायची, हे सांगणारा रेडिओ पाहिजे. ध्वनिकला वगैरे शहरातल्या लोकांची चैन आहे. जात्याचा आवाज राहिला काय अन् गेला काय, आता दळण तर सगळ्यांचे गिरणीतूनच येते. गटातल्या बायकांची मेहनत अशा गोष्टीत खर्च व्हावी काय?

वर्धाकाठची

दादा, राग मुळीच नाही. गटातही हा प्रश्न दोघींनी विचारला होता, आणि त्यांतली एक माझी सख्खी जाऊ आहे.

तुमचाच विषय घेते. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे दगावली. त्यानंतर फवारणी कशी करावी याची माहिती सगळीकडून आली, पण ती "शेतकरी बांधवांनो" अशी सुरू होऊन पंप पाठीवर घेणाऱ्यापाशीच संपत असे. त्या पंपासाठी विहिरीवरून पाणी आणणारी, औषधाच्या बादल्या धुणारी आणि संध्याकाळी ते कपडे हाताने धुणारी बाई त्या माहितीत कोठेच नव्हती. आम्ही त्यावर वीस मिनिटांचा कार्यक्रम केला. आमच्यातली एक जण रेकॉर्डर घेऊन शेतात गेली आणि घरी परत आली ती हे मुद्रण घेऊन: बादलीत पाणी ओतण्याचा आवाज, काठीने ढवळण्याचा आवाज, पंपाच्या दांड्याची कुरकूर, मग घरामागच्या दगडावर कपडे आपटण्याचा आवाज. बोलणे शेवटची तीन मिनिटे आहे. समाजमंदिरात तो लावला तेव्हा दगडावरचे आपटणे सुरू झाल्याबरोबर मागच्या रांगेतल्या एका बाईने आपले हात पदराखाली घेतले. त्यानंतर हातमोजे, वेगळी बादली, कपडे कोठे धुवावेत, यांवर जी चर्चा झाली ती नुसते पत्रक वाचून झाली नसती असे माझे मत आहे.

यात कला कोठे संपते आणि माहिती कोठे सुरू होते, हे मला सांगता येत नाही. पण बादलीचा आवाज 'नॉइज' म्हणून काढला असता तर तो कार्यक्रमच उरला नसता.

संत्रानगरीतली

ताईंनी यंत्रे हाताळणाऱ्या स्त्रियांविषयी विचारले आहे. या विषयाचे मला वेड आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'भारत छोडो'चा ठराव झाल्यावर बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ नावाचे गुप्त केंद्र चालवले. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर पहिले प्रसारण झाले. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून ट्रान्समीटर एका घरातून दुसऱ्या घरात हलवावा लागे. १२ नोव्हेंबरला केंद्र पकडले गेले आणि उषाबेनना तुरुंगवास झाला. आपण त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण बिनपरवान्याचे रेडिओ केंद्र चालवणारी बाई म्हणून त्यांची आठवण या धाग्यावर सर्वांत आधी निघायला हवी.

त्याच सुमारास, म्हणजे १९४३ मध्ये, इंग्लंडमध्ये डॅफ्नी ओरॅम बीबीसीत कनिष्ठ स्टुडिओ अभियंता म्हणून लागली. पुरुष युद्धावर गेल्यामुळे अशा जागा बायकांना मिळत होत्या. पुढे १९५८ मध्ये बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप (कार्यक्रमांसाठी नवे ध्वनी घडवणारा विभाग) सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी ती एक. वर्षभरातच ती नोकरी सोडून तिने स्वतःचे यंत्र बांधायला घेतले. त्यात ३५ मिलिमीटरच्या फिल्मपट्ट्यांवर रेघा काढायच्या आणि यंत्र त्या रेघांचा आवाज करणार. आपल्याकडे दारात रांगोळी काढतात तशी ती आवाजाची रेघ ओढत असे, असे मी माझ्या भाचीला सांगितले, तेव्हा तिला ते चटकन समजले.

त्याच वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशायर होती. गणित आणि संगीत शिकलेल्या या मुलीने १९५९ मध्ये डेक्का या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीत अर्ज केला तेव्हा ध्वनिमुद्रण स्टुडिओत आम्ही बायका घेत नाही असे उत्तर तिला मिळाले. १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत तिने घडवले. संगीतरचना रॉन ग्रेनर यांची. पण एकेक सूर वेगळा मुद्रित करून, टेप कात्रीने कापून, वेग कमी-जास्त करून आणि तुकडे जोडून ते प्रत्यक्षात उभे करणारे हात तिचे. ग्रेनर यांची तिला श्रेय द्यायची तयारी होती, संस्थेच्या नियमात ते बसले नाही. तिच्याकडे धातूची एक हिरवी दिव्याची झाकणी होती. ती वाजवायची, वाजवल्याचा सुरुवातीचा ठोका कापून टाकायचा, आणि उरलेल्या घुमण्यातून सूर बनवायचे, ही तिची आवडती रीत. आपल्या घरातली पितळी परात याहून काय वेगळी? एकदा करून पाहा. परातीला लाकडी पळीने ठोका, मोबाइलवर मुद्रण करा आणि पहिले अर्धे सेकंद कापून ऐका.

भारतात या कलेचे एक दार अहमदाबादेत उघडले होते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर (विजेवर सूर निर्माण करणारे यंत्र) आणून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला गेला, आणि तिथे काम केलेल्या मोजक्या संगीतकारांत गीता साराभाई होत्या. पखवाज वाजवणाऱ्या स्त्रिया ज्या काळात जवळजवळ नव्हत्याच, त्या काळात त्या पखवाज शिकल्या. १९४६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि जॉन केज या संगीतकाराला त्यांनी भारतीय संगीत शिकवले. अहमदाबादच्या त्या टेपा कितीतरी वर्षे कपाटात पडून होत्या.

शेवटचे एक सांगते आणि थांबते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच तबकडीवर पृथ्वीवरचे निरनिराळे ध्वनी आहेत, आणि त्यांत ग्रहांच्या गतीवरून केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने मांडलेले सूर लॉरी स्पीगल या अमेरिकी बाईने संगणकावर वाजवून दिलेले आहेत. एक बाई गळ्याने आणि एक संगणकाने, दोघी एकाच तबकडीवर ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचल्या. माझा आक्षेप एवढाच आहे की केसरबाईंचा अभिमान आपण बाळगतो, पण त्याच तबकडीवरची दुसरी बाई आपल्याला कोणी सांगत नाही, कारण ती गायली नाही.

झाडीपट्टीकर

मी गडचिरोलीतल्या वडसा भागात नाटक मंडळींच्या साउंडवर पंधरा वर्षे काम केले. दिवाळीनंतर होळीपर्यंत आमचा हंगाम, रात्री दहाला पडदा वर आणि पहाटेपर्यंत खेळ. स्त्री कलाकार आता भरपूर आहेत, त्यांच्या नावावर तिकिटे जातात. परंतु मिक्सरवर बसलेली बाई मी पंधरा वर्षांत एकदाही पाहिली नाही, आणि खरे सांगायचे तर ताईंचा धागा वाचेपर्यंत ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

आम्ही रंगमंचावर वरून माइक टांगतो. उंची कशी ठरते? नायक उभा राहतो, "हॅलो हॅलो" म्हणतो, आणि त्याच्या डोक्यावर हातभर अंतर ठेवून दोरी बांधतो. मग नायिका येते, तिचा आवाज कमी येतो, आणि आम्ही मागून ओरडतो, "बाई, जोरानं बोला." एका वयस्क कलावंत बाईंनी एकदा खेळ संपल्यावर मला बोलावून सांगितले होते की बाबा, तीस वर्षे मी ओरडून गळा बसवला, तू दोरी वीतभर खाली सोडली असती तर काय बिघडले असते? तेव्हा मी हसण्यावारी नेले. आज लिहिताना बरे वाटत नाही.

अंबाडीची_भाजी

परवान्याच्या बाबतीत थोडे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली. संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षे काम केलेली असावी लागते, म्हणजे तुमच्या गटाला एखाद्या संस्थेच्या नावावर अर्ज करावा लागेल. शक्तीची मर्यादा १०० वॉट, मनोरा ३० मीटरपर्यंत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेला हवा, आणि तो शक्यतो स्थानिक बोलीत असावा अशी अपेक्षा आहे. तेव्हा वऱ्हाडीत बोलायला लाजू नका, ती नियमातच बसते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्ये सल्लागार आणि आशय समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही सांगितले आहे. समितीत निम्म्या, यंत्राच्या खोलीविषयी मात्र काहीच नाही. समितीच्या सहीला बाई आणि मिक्सरला तिचा पुतण्या, असे चित्र उभे राहायला वेळ लागत नाही, हे बचत गटाच्या कारभारावरून आपण सगळेच जाणतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या सीमेपलीकडे तेलंगणात आहे. झहीराबादजवळच्या माचनूर गावात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांच्या संघांनी संगम रेडिओ उभा केला. स्टुडिओ १९९८ च्या सुमारास तयार होता, परवाना मिळेपर्यंत दहा वर्षे गेली. तोवर त्या कॅसेट भरून गावोगावच्या बैठकांत ऐकवत असत, अगदी तुमच्या मेमरी कार्डासारख्या. १५ ऑक्टोबर २००८ रोजी, ग्रामीण स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, ९०.४ मेगाहर्ट्झवर प्रसारण सुरू झाले. केंद्र चालवणाऱ्या दोघींचे नाव नरसम्मा. मुद्रण, संपादन, प्रसारण सगळे त्याच पाहतात. भरड धान्ये, बियाणे, सणांची गाणी, हे सगळे तिथल्या शेतकरी बायकांच्या बोलीत. आपल्या राज्यात म्हसवडचे माणदेशी तरंगही २००८ पासूनचे.

स्त्रीवादी रेडिओची परंपरा त्याहून जुनी आहे. कोस्टा रिकामधून १९९१ मध्ये काही स्त्रियांनी लघुलहरींवर 'फायर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. परिषदांच्या ठिकाणी टेबल मांडून तिथून प्रसारण करणे, सामान्य बाईला ती तज्ज्ञ असल्यासारखे बोलते करणे, ही त्यांची पद्धत होती.

पायवाट_वेचणारी

संत्रानगरीतली यांच्या यादीत मला दोघी जोडायच्या आहेत, कारण त्यांच्या कामाला वीजही फारशी लागत नाही.

पॉलिन ऑलिव्हेरोस १९३२ ते २०१६. अमेरिकेतल्या टेप संगीताच्या सुरुवातीच्या लोकांपैकी. १९७० च्या आसपास तिने बायकांचा एक गट जमवला आणि त्यांच्यासाठी ऐकण्याचे व्यायाम लिहिले. त्यांतला एक असा आहे की रात्री फिरायला निघा आणि इतके निःशब्द चाला की तळपायांचे कान होतील. आपल्याकडे रात्री बाहेर जाणाऱ्या बाईचे तळपाय पिढ्यान्‌पिढ्या कानच असतात, ही गोष्ट निराळी. ते भीतीने होतात. तोच व्यायाम सात-आठ जणींनी मिळून केला तर काय ऐकू येईल, याचे मला कुतूहल आहे.

दुसरी हिल्डेगार्ड वेस्टरकांप. १९७८-७९ मध्ये व्हँकूव्हरच्या सहकारी रेडिओवर ती चालत चालत ऐकण्याचा कार्यक्रम करत असे. रेकॉर्डर घेऊन एखाद्या ठिकाणी जायचे आणि तिथला आवाज लोकांपर्यंत न्यायचा. १९८९ मधल्या तिच्या एका रचनेत ती समुद्रकिनाऱ्यावरच्या बार्नॅकल्सचे (खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांचे) बारीक चटचट आवाज मुद्रित करते, मागे शहराची घरघर आहे. मग ती श्रोत्यांना सांगते की मी आता स्टुडिओत आहे आणि फिल्टर लावून हे शहर काढून टाकू शकते. आणि काढून दाखवते. इथे ताईंच्या मूळ तक्रारीला माझे उत्तर आहे. आवाज गाळणे हा गुन्हा नव्हे, ती बाईसुद्धा गाळते. पण ती सांगून गाळते. तुमच्या आजींना कोणी विचारले नाही, सांगितलेही नाही.

कापूस वेचणीला या दृष्टीने एकदा जरूर ऐका. दव वाळल्यावर वेचणी सुरू होते, तेव्हा सुकलेल्या बोंडाची टोके बोटांना लागून जो चर्र असा आवाज येतो तो माइक अगदी जवळ नेल्याशिवाय येत नाही. कमरेची ओटी भरत जाते तसतसे बायकांचे चालणेही जड वाजायला लागते.

तुरकाठी

माघार घेत नाही, पण बादलीचा मुद्दा मान्य. घरी विचारले, फवारणीचे कपडे कोण धुते आणि कोठे. उत्तर इथे लिहीत नाही. तो वीस मिनिटांचा कार्यक्रम पाठवता येईल काय?

वर्धाकाठची

दादा, तुम्हाला पाठवला आहे. सर्वांचे आभार मानून पुढची हकिकत लिहिते, कारण मधल्या तीन आठवड्यांत बरेच घडले.

आम्ही त्या स्टुडिओकडून मूळ, न गाळलेली फाइल मागवून घेतली. मास्तरांनी सांगितले म्हणून उसनवारीने चांगले हेडफोन आणले आणि समाजमंदिरात एकेकीने ऐकायचे ठरवले. खालच्या गल्लीतल्या काकू मुद्रणाच्या दिवशी गावातच नव्हत्या. त्यांनी हेडफोन लावला, दहा-बारा सेकंद ऐकले आणि कानावरून काढून आमच्याकडे पाहिले. म्हणाल्या, "जातं रिकामं फिरून रायलं. दाने कोनं घातले नाई?"

आम्ही सुनेकडे पाहिले. तिने सांगितले की हो, धान्य घालू नका असे सांगितले होते. पीठ उडून माइकमध्ये जाईल म्हणून. तिला ते सांगण्यासारखे वाटलेच नव्हते. रिकामे जाते कोणी फिरवत नाही, दगडावर दगड घासतो आणि टाकी, म्हणजे दगडाला पाडलेले खाचे, मरते. दाणे नसले की जाते हलके होते, हात भरभर फिरतो आणि ओवी त्याच्या मागे धावत सुटते. आजीची लय बिघडली होती ती स्टुडिओत नव्हे, गावातच, माइक सुरू होण्याच्या आधी. माझी सगळी तक्रार एका बटणावर होती आणि त्याच्या आधीची गोष्ट एका हेडफोनमध्ये काकूंना ऐकू आली, जी मला दहा वेळा ऐकूनही कळली नव्हती.

गेल्या रविवारी पहाटे पुन्हा मुद्रण केले. दोन माइक, खाली गोधडी, आणि पीठ उडू नये म्हणून माइकवर जुन्या धोतराच्या फडक्याची टोपी. या खेपेला सून गायला बसली नाही, ती हेडफोन लावून रेकॉर्डरवर बसली आणि जात्याला आजीसमोर काकू. पहिल्या वेळी पातळी जास्त झाली, जात्याने आवाज फाटला. तिने हात वर करून दोघींना थांबवले. सासूला मधेच थांबवण्याचा हा प्रसंग तिच्या आयुष्यातला बहुधा पहिलाच असावा. आजीने काही न बोलता पुन्हा मूठ घातली. दीड किलो ज्वारी, एकोणीस ओव्या, बांगड्या काकूंच्या.

आता संपादन चालू आहे आणि एका जागी अडलो आहोत. शेवटची ओवी संपल्यावर दाणेही संपतात, आणि थांबण्याआधी दोन फेरे जाते रिकामे फिरते. तेवढे चार सेकंद कापावेत असे माझे म्हणणे आहे, कारण तो आवाज खरखरीत आहे आणि कानाला बरा लागत नाही. काकू आणि सून कापू देत नाहीत. त्यांचे म्हणणे आहे की ऐकणारीला दळण झाले हे कळणार कशावरून?